पिकअप नाही म्हणजे इंजिन गेलं, असं नाही

‘गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. इंजिनचं काम काढावं लागणार.’

मिनेसोटात, विस्कॉन्सिनमध्ये, आल्बर्टात दोन-चार हिवाळे काढून झाले, की आपल्याकडची बरीच मंडळी हौसेनं एखादी वापरलेली स्नोमोबील घेतात, आणि वर्ष-दीड वर्षात हे वाक्य माझ्या कानावर येतं. त्याचंच दुसरं रूप असं : ‘अमुक कंपनीचं क्लच किट टाक, दहा-पंधरा हॉर्सपॉवर सहज वाढते.’ एकात पॉवर गेल्याचं दुःख, दुसऱ्यात ती विकत मिळाल्याचा आनंद. दोन्हीच्या मुळाशी गैरसमज एकच आहे, आणि त्यापायी लोक चांगली इंजिनं खोलून बसतात, याचा मला खरोखर त्रास होतो.

स्नोमोबीलचा क्लच पॉवर निर्माण करत नाही. इंजिन कोणत्या आरपीएमवर चालेल, एवढंच तो ठरवतो. पण टू-स्ट्रोक इंजिनात ‘एवढंच’ म्हणजे जवळपास सगळं काही.

स्नोमोबीलला गिअर नसतात. पुण्याच्या फिरोदियांनी १९८०च्या दशकात आणलेली कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली आहे, त्यांनी ही यंत्रणा पायाखाली अनुभवलेली आहे : टू-स्ट्रोक इंजिन, दोन पुली आणि मधे रबरी बेल्ट. स्कूटरच्या व्हेरिएटरमध्ये रोलर असतात, स्नोमोबीलच्या पुढच्या पुलीत, म्हणजे प्रायमरीत, तीन किंवा चार फ्लायवेट असतात. क्रँक फिरू लागली की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि पुलीच्या दोन तिरक्या तबकड्या जवळ ढकलतात. स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. साधारण तीन ते चार हजार आरपीएमला वजनं स्प्रिंगवर मात करतात, तबकड्या बेल्ट पकडतात आणि गाडी हलते. (स्कूटरला मागे वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इथे प्रायमरीच क्लच आणि प्रायमरीच व्हेरिएटर.) मागची पुली, म्हणजे सेकंडरी, भार ओळखते. तिच्यात हेलिक्स नावाचा तिरक्या चढणीचा भाग आणि पिळाची स्प्रिंग असते. चढण लागली किंवा बर्फ खोल झाला, की ट्रॅककडून येणारा विरोध हेलिक्सवर दाब आणतो, सेकंडरी बेल्ट आवळते आणि गाडी आपोआप ‘खालच्या गिअरात’ येते.

ही मांडणी नीट बसलेली असली, तर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएमचा काटा एका आकड्यावर जाऊन थांबतो, समजा ८००० वर, आणि तिथून हलत नाही. वेग मात्र ताशी ५० वरून १०० वर, १०० वरून १४० वर चढत राहतो. नवख्याला वाटतं, आरपीएम वाढत नाही तरी वेग वाढतोय, म्हणजे क्लच घसरतोय. उलट हेच क्लच बरोबर असल्याचं लक्षण आहे. दोन पुलींचं गुणोत्तर बदलतं आहे आणि इंजिन आपल्या जागी उभं आहे.

ती जागा इतकी महत्त्वाची का, हे सायलेन्सरच्या आधीच्या फुगीर पाइपमुळे समजतं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात या पाइपचं शास्त्र पुष्कळ पुढे नेलं. १९६१ साली त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेत पळून गेला, हे ज्ञान घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी ५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद सुझुकीच्या नावावर लागलं. त्या ज्ञानाची किंमत एवढी होती. पाइपमध्ये एक्झॉस्टचा दाब लाटेसारखा पुढे जातो, निमुळत्या टोकावर आपटून परततो, आणि वेळ जुळली तर सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलतो. वेळ ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जुळते. त्या पट्ट्याच्या पाच-सहाशे खाली इंजिन मेल्यासारखं वाटतं, आणि तीन-चारशे वर गेलं तरी पॉवर झपाट्यानं पडते. गॉर्डन जेनिंग्स यांच्या १९७३ सालच्या टू-स्ट्रोक ट्यूनिंगवरच्या पुस्तिकेत या लाटांचं गणित सविस्तर आहे. ज्याला शंका असेल त्यानं ते जरूर पाहावं.

आता ‘पिकअप गेला’ या तक्रारीकडे परत येऊ. फ्लायवेट जड असले तर इंजिन ८००० ला पोचायच्या आधीच क्लच पुढे सरकतो आणि काटा ७४०० वर अडकतो. फ्लायवेट हलके असले तर काटा ८४०० वर जातो, आवाज जबरदस्त येतो, पण गाडी तेवढी पळत नाही. दोन्ही वेळा इंजिन ठणठणीत असतं. अंदाजासाठी म्हणून, प्रत्येक फ्लायवेटमध्ये एक ग्रॅमचा फरक केला की पूर्ण थ्रॉटलचा काटा शंभरेक आरपीएमनं हलतो. स्की-डू ब्रँडच्या स्नोमोबीलच्या टीआरए क्लचवर तर बाहेरूनच फिरवता येणारे क्लिकर असतात, एका क्लिकला साधारण २०० आरपीएम. एक ते सहा आकडे, हातात पाना, पाच मिनिटांचं काम. आणि त्याऐवजी लोक हेड काढून पिस्टन बघतात!

खरंच इंजिन गेलेलं असलं तरी काटा खालीच राहतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंजिनात वजनं ढकलायची ताकदच उरलेली नसते. म्हणून नुसत्या काट्यावरून निकाल लावायचा नाही. आधी कॉम्प्रेशन गेज लावायचा आणि दोन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. ते बरोबर असतील, तर बेल्टची रुंदी मापायची. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुलीत खाली बसतो आणि सुरुवातीचं गुणोत्तरच बिघडवतो. मग वजनं आणि स्प्रिंग. इंजिन खोलण्याची पाळी यानंतर.

उंचीचा हिशोब तर बहुतेक जण विसरतातच. मिनेसोटात नीट बसवलेली गाडी ट्रेलरवर टाकून मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोनला नेली, की ती दोन हजार मीटरवर येते. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकाप्रमाणे तिथे हवा समुद्रसपाटीच्या ८२ टक्केच दाट असते. कमी हवा, कमी पॉवर, पण वजनं तीच. काटा खाली येतो आणि मालक म्हणतो, इंजिन प्रवासात बिघडलं. गुलमर्गला २६५० मीटरवर हे प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपास येतं. तिथल्या भाड्याच्या गाड्यांना ‘खटारा’ म्हणत परतणाऱ्या आपल्या पर्यटकांनी हा आकडा लक्षात घ्यावा. तिथे कोणतंही टर्बो नसलेलं इंजिन जवळजवळ पाव ताकद गमावूनच सुरू होतं. उपाय म्हणजे वजनं हलकी करणं, म्हणजे उरलेली पॉवर तरी योग्य आरपीएमवर मिळते. गेलेली पॉवर क्लच परत आणत नाही. ती आणायला हवा दाबून भरावी लागते. स्की-डूनं टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो दिला, तो याचसाठी : १६५ हॉर्सपॉवर ८००० फुटांपर्यंत टिकवण्यासाठी.

आता ‘क्लच किटनं पंधरा हॉर्सपॉवर’ या दाव्याचं बघू. इंजिनची पॉवर ज्या डायनोवर मोजतात, तो क्रँकच्या टोकाला जोडण्यासाठी क्लच काढूनच ठेवावा लागतो. जो भाग मोजणीच्या वेळी गाडीवर नसतोच, तो मोजलेला आकडा वाढवणार कसा? किट टाकल्यावर गाडी वेगवान झाल्याचा अनुभव खोटा नाही. आधीची मांडणी चुकलेली असेल, काटा सहाशे खाली असेल, बेल्ट घसरून उष्णता होत असेल, तर ते सगळं सुधारतं आणि ट्रॅकपर्यंत जास्त पॉवर पोचते. ती पॉवर इंजिनात आधीपासून होती. विस्कॉन्सिनचे ओलाव आएन यांचं क्लच ट्यूनिंगवरचं पुस्तक या धंद्यातले लोक दशकानुदशकं वापरत आले आहेत, आणि त्याचाही पाया हाच आहे : इंजिनच्या कमाल पॉवरचा आरपीएम शोधा आणि क्लच त्यावर बांधा.

याच गैरसमजातून सगळ्यात महागडा घोटाळा होतो. कुणीतरी चांगला आफ्टरमार्केट पाइप आणतो. त्या पाइपची कमाल पॉवर मूळ पाइपपेक्षा दोन-तीनशे आरपीएम वर येते. क्लच मात्र जुन्याच आकड्यावर बांधलेला. परिणामी इंजिन नव्या पाइपच्या चांगल्या पट्ट्यात शिरतच नाही, आणि गाडी होती त्याहून मंद होते. मग पाइपला शिव्या, मग नवे रीड, मग हेड, आणि शेवटी ‘इंजिनच दमलंय’ हा निष्कर्ष. दोन-तीन ग्रॅम कमी केले असते तर पहिल्याच दिवशी फरक दिसला असता. पाइप बदलून चाचणी घेताना तो तापू द्यायलाही हवा. गरम वायूत आवाजाची लाट जास्त वेगानं धावते, त्यामुळे पाइप थंड असताना पॉवरचा पट्टा खाली असतो. गॅरेजमधून काढून पहिल्या शंभर मीटरात घेतलेली चाचणी फसवी ठरते.

‘वजनं जड केली की टॉप स्पीड वाढतो’ हेही असंच. टॉप स्पीड अडलाय का, हे बघायचं असेल तर एक सोपी रीत आहे. इंजिन बंद करून, थंड झालेल्या प्रायमरीच्या तबकडीवर मार्करनं मध्यापासून कडेपर्यंत एक सरळ रेघ मारायची. क्लचवरचं गार्ड परत बसवायचं. सपाट, दाबलेल्या बर्फावर पूर्ण थ्रॉटल देऊन यायचं, आणि गार्ड काढून बघायचं. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. ती कडेपासून बोटभर खाली थांबलेली असेल, तर क्लच पूर्ण सरकलेलाच नाही. कडेपर्यंत पुसली असेल, तर क्लचकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि जड वजनं टाकून फक्त आरपीएम पडेल. त्याच वेळी तबकड्यांजवळ हात धरून बघावा. प्रायमरी हात लावता येणार नाही इतकी तापली असेल, तर बेल्ट तिथे घसरतो आहे. सारखे बेल्ट तुटतात म्हणून बेल्टच्या कंपनीला दोष देणाऱ्यांनी आधी हे बघावं, मग दोन पुली एका रेषेत आहेत का ते बघावं, आणि इंजिनचे रबरी माउंट बसले आहेत का तेही. माउंट ढिले झाले की जोर लागताच इंजिन मागे ओढलं जातं आणि पुलींमधलं अंतर बदलतं.

इंजिनच्या कामाबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘पिस्टन जाम झाला, सिलिंडर बोअर करून घेऊ.’ जुन्या राजदूतला ते चालायचं, कारण तिथे ओतीव लोखंड होतं. आजच्या बहुतेक स्नोमोबीलच्या ॲल्युमिनियम सिलिंडरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. तो बोअर केला की गेलाच. चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम आम्लानं काढतात. थर शाबूत असेल तर हलकं होनिंग पुरतं, नाहीतर पुन्हा थर चढवून घ्यावा लागतो.

‘पिस्टन-रिंग बदलली की इंजिन नवं.’ जाम होण्याचं कारण क्रँकच्या सीलमधून हवा आत शिरणं हे असेल, तर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जाईल. जोडणी झाल्यावर इंजिनात थोडा दाब भरून गळती तपासल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणू नये.

‘पेट्रोलमध्ये थोडं जास्त ऑइल टाकलं की सुरक्षित.’ ऑइल वाढलं की तेवढ्याच प्रवाहात पेट्रोल कमी जातं, मिश्रण लीन होतं आणि पिस्टन उलट जास्त तापतो.

‘एवढ्या थंडीत इंजिन तापणारच नाही.’ वॉटरकूल्ड स्नोमोबीलचा कूलंट ट्रॅकवरच्या पत्र्याखालच्या कूलरमधून फिरतो, आणि त्या कूलरला थंड करतो ट्रॅकनं उडवलेला बर्फ. गोठलेल्या तळ्यावर किंवा टणक रस्त्यावर बर्फ उडतच नाही, आणि उणे वीसमध्ये इंजिन उकळतं. शिवाय उणे ३० अंशांची हवा शून्य अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. कार्ब्युरेटरचे जेट तेच ठेवले तर मिश्रण लीन होतं आणि सगळ्यात थंड सकाळीच पिस्टनला भोक पडतं.

‘सुरू केली की लगेच ताणायची.’ पिस्टन सिलिंडरच्या आधी तापतो आणि फुगतो. कूलंट कोमट होईपर्यंत थांबावंच.

इंजिनचं काम खरोखर गरजेचं होतं आणि ते नीट झालं, तरी क्लच पुन्हा बघावा लागतो. इंजिन दमत गेलं तसतशी आधीच्या मालकानं वजनं हलकी करत काटा वर ठेवलेला असू शकतो. नवीन पिस्टननं ताकद परत आली, की त्याच हलक्या वजनांवर इंजिन ठरलेल्या आरपीएमच्या वर धावतं. नुकतंच जोडलेलं, अजून न रुळलेलं इंजिन आणि पूर्ण थ्रॉटलला जादा आरपीएम, यानं केलेलं सगळं काम वाया जाऊ शकतं. म्हणून क्लच गाडीवरून उतरवायच्या आधीच फ्लायवेटचं ग्रॅममधलं वजन, दोन्ही स्प्रिंगांचे रंग, हेलिक्सचा कोन आणि क्लिकरचा आकडा कागदावर लिहून ठेवावा, आणि रुळणीचा काळ संपला की पहिल्या पूर्ण थ्रॉटलला काटा कुठे थांबतो ते त्याच कागदावर टिपावं.