परतीच्या टेम्पोत काय भरायचं?

लेखमाला : शहराचा पसारा – भाग ७

पुण्यात भाड्याच्या घराचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो. त्यात शाळांना सुट्टी लागली की घर बदलणाऱ्यांची एकच धांदल उडते. वाकड, खराडी, बाणेर भागातल्या सोसायट्यांच्या गेटवर एप्रिल-मे महिन्यांत सामानाचे टेम्पो सतत ये-जा करत असतात. सामान वर चढतं, हमाल चहापाणी घेऊन निघतात आणि टेम्पो रिकामा परत जातो. दोन दिवसांनी सोसायटीच्या कचऱ्याच्या कोपऱ्यात फाटके खोके, बबल रॅपची भेंडोळी आणि थर्माकोलचे तुकडे साचलेले दिसतात.

मागच्या भागात बांधकामाच्या राडारोड्याचा प्रवास पाहिला. शिफ्टिंगच्या कचऱ्याची गोष्ट वेगळी आहे. हा माल मळलेला नसतो, मिसळलेला नसतो आणि त्यातला बराचसा पुन्हा वापरण्याजोगा असतो. तो परत न्यायला वाहनही दारातच उभं असतं. म्हणून पॅकर्सच्या छोट्या कंपनीला पर्यावरणाच्या दृष्टीने काही करायचं असेल, तर सुरुवात या परतीच्या खेपेपासून करणं सर्वांत सोपं आहे.

आधी पुठ्ठा. चांगला पाच प्लायचा खोका एका खेपेत मोडीत जाण्याचं कारण नसतं. तो बाद होतो तो उघडण्याच्या पद्धतीमुळे. टेप हाताने ओढली की पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून निघतो आणि झाकणाचा जोर जातो. तीच टेप कटरने बरोबर सांध्यावर कापली आणि खोका चपटा करून सुतळीने बांधला, तर तो पुढच्या कितीतरी घरांना पुरतो. खोक्यांवर अनामत ठेवणं हाही चांगला उपाय आहे: आठवड्याभरात खोके परत द्या, पैसे परत घ्या. पुस्तकं आणि भांडी यांसारख्या जड सामानासाठी तर मार्केट यार्डात भाजीला वापरतात तसे प्लास्टिकचे क्रेट अधिक टिकाऊ ठरतात.

अगदी खिळखिळा झालेला खोका शेवटी रद्दीत जातो, तिथून गोदामात आणि तिथून वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत. गिरणीत पुठ्ठा पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात. कागदाचा तंतू असा साधारण पाच ते सात वेळा वापरता येतो, कारण प्रत्येक फेरीत तो आखूड होत जातो. प्लास्टिकची टेप मात्र या प्रक्रियेत अडथळाच ठरते. भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव कमी देतो, त्यामुळे पावसाळ्यात खोके आडोशाला ठेवणं हा हिशेबाचाही भाग आहे.

बबल रॅप एलडीपीई प्लास्टिकचा असतो. स्वच्छ असेल तर तो वितळवून त्याचा दाणा करता येतो. टेप गुंडाळलेला, धुळीने माखलेला असेल तर त्याला कुणी विचारत नाही. थर्माकोलची अडचण याहून मोठी. त्यात पंचाण्णव टक्क्यांहून जास्त हवाच असते, त्यामुळे गाडीभर माल नेला तरी वजन किरकोळ भरतं आणि वाहतुकीचा खर्चही सुटत नाही. तेव्हा तो मुळात न वापरणंच बरं. पूर्वीचे हमाल कपाटं, आरसे, शिलाई मशिनी गोधड्यांत बांधायचे. जाड गोधडी आणि वर कापडी पट्टा ही बांधणी आजही तितकीच भरवशाची आहे. गोधडी धुता येते आणि वर्षानुवर्षं चालते.

या धंद्यातलं सर्वांत मोठं प्रदूषण मात्र ढिगात दिसत नाही. स्प्लिट एसी काढताना तंत्रज्ञाने गॅस ‘पंपडाउन’ करणं अपेक्षित असतं: एसी चालू ठेवून आधी एक व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करून नळ्या सोडवायच्या. हे काही मिनिटांचं काम आहे. घाईत ते टाळलं की नट सैल होताच फुस्स आवाज येतो आणि सगळा गॅस हवेत जातो. नव्या घरी गॅस भरण्याचे पैसे ग्राहकाच्या माथी पडतात, ते वेगळंच.

नव्या एसींमध्ये सहसा आर-३२ हा गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं वातावरण तापवतो. दीड टनाच्या एसीतून पाऊण किलो गॅस सुटला, तर परिणाम सुमारे ५०० किलो कार्बन डायऑक्साइडचा. तेवढा धूर व्हायला जवळजवळ १९० लिटर डिझेल जळावं लागतं. लिटरला १५ किलोमीटर देणारा छोटा टेम्पो तेवढ्या डिझेलवर पुणे-मुंबई अंतर अठरा-एकोणीस वेळा कापेल. जुन्या एसींमधला आर-४१०ए तर याच्या तिप्पट तापदायक आहे. सीएनजीचा टेम्पो घेणं चांगलंच, पण एसी काढणारा माणूस नीट शिकवलेला असणं हा त्याहून स्वस्त आणि तातडीचा उपाय आहे.

मग येतं नको असलेलं सामान. पार्टिकल बोर्डाचं कपाट दुसऱ्यांदा खोललं की स्क्रूची भोकं ढिली होतात, कड फुटते आणि कपाट टाकून द्यावं लागतं. सोबत सुतार असेल आणि स्क्रू जागच्या जागी पिशवीत बांधून ठेवले, तर तेच कपाट आणखी काही वर्षं उभं राहतं. कापसाची गादी पिंजाऱ्याकडे जाऊन पुन्हा नवी होते. बंद पडलेला टीव्ही, फ्रीज किंवा संगणक मात्र २०२२च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंतच पोचायला हवा. हे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत.

पुण्यात या कामासाठी हात शोधावे लागत नाहीत. हमालांची संघटना बांधणारे बाबा आढाव हेच १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचेही अध्यक्ष होते. याच पंचायतीतून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. रोजच्या बादलीत न मावणाऱ्या जुन्या कपड्यांसाठी, ई-कचऱ्यासाठी ती संकलन मोहिमाही घेते. पॅकर्स कंपनीने भागातल्या कचरावेचकाशी ठरवून घेतलं, तर पुठ्ठा आणि प्लास्टिक वेगवेगळं त्याच्या हाती जाईल आणि त्याची दिवसाची कमाई वाढेल. ओझं वाहणारे आणि टाकलेलं वेचणारे हे या शहरात पूर्वीपासून एकमेकांच्या जवळचे आहेत. कंपनीने तो दुवा कामात आणला की पुरे.

लांबच्या खेपेत परतीचं भाडं मिळवणंही याच हिशेबात येतं. नाशिकला सामान पोचवून रिकाम्या टेम्पोने परतणं म्हणजे निम्मं डिझेल वाया घालवणं. एकमेकांच्या ओळखीच्या दोन-तीन कंपन्यांनी परतीच्या तारखा जुळवल्या तरी बराच फरक पडतो.

ग्राहकानेही टेम्पो ठरवताना दराबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. खोके परत नेणार का? फर्निचर कशात बांधणार? एसीचा गॅस पंपडाउन करणार का? नको असलेलं सामान कुठे जाणार? उत्तरं दरपत्रकावर लिहून घ्यावीत, म्हणजे सामान उतरल्यावर वाद राहत नाही.

(पुढील भागात : लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं अन्न आणि फुलं)