गुडघेदुखीला वाली कोण?

सांधे व स्नायू यांच्या विकारांना आमच्या आरोग्यव्यवस्थेत मानाचे पान कधीच मिळाले नाही. हे विकार सहसा जीव घेत नाहीत, हाच त्यांचा अपराध! मृत्यूची नोंद सरकारदरबारी होते. जिना चढता न येणाऱ्या आजीबाईंची होत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर पाहणी केली, तेव्हा सुमारे ४,००० प्रौढांपैकी १८ टक्क्यांहून अधिक लोकांनी अंगदुखी-सांधेदुखीची तक्रार सांगितली. हे दुखणे केवळ खुर्चीवर बसणाऱ्या शहरी बाबूंचे आहे, हा समज त्या एका गावाने खोटा ठरविला.

असा रोगी प्रथम जातो तो आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे. परंतु एम. बी. बी. एस. च्या अभ्यासात या विषयाच्या वाट्याला येतात ते थोडे दिवस, आणि तेही बहुतांशी मोडलेल्या हाडांत खर्ची पडतात. मग उरते ती वेदनाशामक गोळी आणि ‘आता वय झाले’ हे सांत्वन. गोळी महिनोन् महिने चालू राहिली तर पोट व मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. याउलट विशीतील तरुणाची पाठ पहाटे आखडते व हालचालीने मोकळी होते, तेव्हा तो मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. त्याला व्यायाम हवा असतो. प्रत्यक्षात अनेकदा ‘गादी सरकली’ असे सांगून विश्रांतीचा, म्हणजे नेमका उलटा, सल्ला मिळतो. आमवातात तर पहिले काही महिनेच निर्णायक असतात. त्यावरील मेथोट्रेक्सेट हे औषध जुने आहे, स्वस्तही आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज घेतल्यास प्राणावर बेतते, आणि रक्ततपासणीवाचून ते चालविता येत नाही. संधिवाततज्ज्ञ थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत. २००६ साली देशात चिकुनगुनियाचे १३ लाखांवर संशयित रोगी नोंदले गेले. त्यांतील कित्येकांचे सांधे पुढे महिनोन् महिने धरले. तो भार गल्लीतल्या डॉक्टरांनीच वाहिला.

तेव्हा या डॉक्टरांपैकी काहींना या एका विषयात विशेष तयार करणे, हाच व्यवहार्य मार्ग आम्हाला दिसतो. ब्रिटनने २००० सालच्या आपल्या आरोग्य योजनेत अशा १,००० पर्यंत डॉक्टरांची कल्पना मांडली होती, व अस्थिविकार हा त्यांतील एक विषय होता. डॉक्टरने आपला दवाखाना सोडावयाचा नाही. मात्र व्यवसायबंधूंनी पाठविलेले रोगीही तपासावयाचे.

यावर ‘अर्धवट तज्ज्ञ निपजतील’ असा आक्षेप येईल. तो सर्वस्वी पोकळ नाही. दारावर पाटी लावून दिसेल त्या गुडघ्यात स्टेरॉइडची सुई खुपसणारे महाभाग निघतीलच. म्हणून परीक्षा हवी, ठराविक वर्षांनी पुनर्नोंदणी हवी, आणि मुख्य म्हणजे रुग्णालयातील तज्ज्ञाशी व फिजिओथेरपिस्टशी कायमचा संबंध हवा. पण आज हेच रोगी तेच डॉक्टर शिक्षणावाचून तपासीत आहेत, त्याचे काय?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने कुटुंबवैद्यकातील एम. डी. चा पुरस्कार केला, तो योग्यच होता. परंतु पंचेचाळिशीतला, घरसंसार चालविणारा डॉक्टर तीन वर्षे दवाखाना बंद ठेवून विद्यार्थी कसा होणार? त्याच्यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आठवड्यातील दोन दुपारींचा, वर्षभराचा, वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्यक्ष रोगी तपासून शिकावयाचा अभ्यासक्रम आखावा, आणि बुडणाऱ्या उत्पन्नापोटी सरकारने विद्यावेतन द्यावे. रोग्यांनाही एक सवय बदलावी लागेल. इंजेक्शनचे पैसे आपण मुकाट्याने देतो. वीस मिनिटे सांधे चाचपून, चालवून, वाकवून पाहणाऱ्याने फी मागितली की मात्र आपल्याला ती जड वाटते.