वऱ्हाडाच्या वेशीवरचे जपानी आणि जर्मन

दोन देशांतील नागरिकांनी परस्परांची भाषा, कला, धर्मविचार आणि लोकजीवन जाणून घेण्यासाठी स्थापन केलेल्या स्वयंसेवी मंडळाला मैत्रीसंघ म्हटले जाते. जपानी-जर्मन स्नेहासाठी असा संघ बर्लिनमध्ये १८९० साली, तर जपान-भारत संघ टोकियोत १९०३ साली स्थापन झाला. वऱ्हाडातील यवतमाळचा जपान आणि जर्मनी या दोन्ही देशांशी संबंध जुळला तो कापसामुळे. वऱ्हाडातील आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्या जाडेभरडे सूत कातण्यासाठी घेत असत आणि त्याच्या वाहतुकीसाठी जमशेटजी टाटा व निप्पोन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीने १८९३ साली मुंबई-कोबे जलमार्ग सुरू केला. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीही भारतीय कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते. मात्र व्यापारावर उभा राहिलेला संबंध व्यापाराच्या भांडणात तुटू शकतो, याचा अनुभव १९३३ साली आला. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरील आयात कर वाढवताच जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ कापूस पिकवणाऱ्या मुलखाला बसली. तडजोड व्हायला १९३४ चा जानेवारी उजाडला.

हा बहिष्कार चालू असतानाच, ऑक्टोबर १९३३ मध्ये, निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू यवतमाळच्या शेजारच्या वर्ध्यात गांधीजींना भेटले. तेराव्या शतकातील निचिरेन या आचार्यांच्या परंपरेत ‘सद्धर्मपुंडरीक’ हे सूत्र बुद्धवचनांत सर्वश्रेष्ठ मानले जाते आणि त्याला नमन करणारा मंत्र ढोलकाच्या ठेक्यावर सतत म्हणणे हीच मुख्य साधना असते. हा ढोलक म्हणजे लाकडी मुठीच्या गोल कड्यावर कातडे ताणून केलेले चपटे वाद्य असून, ते एका हातात धरून दुसऱ्या हातातील काठीने वाजवत भिक्षू पायी चालत राहतात. फुजींच्या परंपरेतील एक भिक्षू पुढे वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात राहू लागला, तेथील कामात रमला आणि त्याच्या मंत्राने आश्रमाच्या प्रार्थनेत स्थान मिळवले.

नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेले तरुण हर्बर्ट फिशर हेही १९३६ मध्ये वर्ध्याच्या गांधी-परिवारात दाखल झाले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला जर्मनी आणि जपान यांच्या सरकारांनी साम्यवादविरोधी करार केला आणि १९३८ मध्ये त्याला सांस्कृतिक कराराची जोड दिली. बर्लिनचा जुना मैत्रीसंघही तोवर नाझी सत्तेच्या प्रचारयंत्रणेचा भाग बनला होता. भाषा, कला आणि विद्वत्ता यांची देवाणघेवाण युद्धाच्या तयारीला जुंपली गेली, ही या संघाच्या इतिहासातील सर्वांत खेदजनक गोष्ट होय. दुसऱ्या महायुद्धाची झळ गांधी-परिवारालाही बसली, कारण युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने फिशर यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले आणि जपानने युद्धात उडी घेतल्यावर त्या भिक्षूलाही आश्रमातून नेले. ज्या राजवटींच्या आक्रमक धोरणाशी या दोघांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्याच नावाने त्यांना शिक्षा झाली.

गांधीजींनी जुलै १९४२ मध्ये ‘हरिजन’ पत्रात जपानी जनतेला उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात जपानच्या चीनवरील आक्रमणाचा स्पष्ट निषेध केला आणि त्याच पत्रात या भिक्षूची कर्तव्यनिष्ठा, त्याचे सौजन्य आणि मागे राहिलेला त्याचा ढोलक यांचाही जिव्हाळ्याने उल्लेख केला. राज्यकर्त्यांची चूक आणि माणसाचे मोल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही समज मैत्रीसंघांच्या कोणत्याही घटनेत लिहिलेल्या उद्देशांहून अधिक मोलाची ठरते.

हे संबंध युद्धाने संपले नाहीत. सेवाग्रामच्या प्रार्थनेत तो जपानी मंत्र आजही म्हटला जातो, आणि फुजींनी सुरू केलेल्या शांतिस्तूपांच्या मालिकेतील एक पांढराशुभ्र स्तूप १९९३ मध्ये वर्ध्यात उभा राहिला. यवतमाळहून कळंब-देवळीमार्गे गेल्यास दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून परतता येते. फिशर युद्धानंतर मायदेशी परतले, पूर्व जर्मनीच्या परराष्ट्र सेवेत शिरले आणि १९७२ मध्ये त्या देशाचे भारतातील पहिले राजदूत झाले. २००३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.