मुलाच्या नावावर केलेली जमीन आई-वडिलांना परत मिळते का? कागदावरची एक ओळ ठरवते निकाल

वय झालं, हातपाय थकले म्हणून अनेक आई-वडील हयातीतच शेत आणि राहतं घर मुलांच्या नावावर करून टाकतात. आपल्या राज्यात मुलगा, मुलगी, नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (बाकी खर्च वेगळा). पुढे मुलगा विचारेनासा झाला की गावात एकच उत्तर मिळतं, "सह्या दिल्या, आता काय होणार?" पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

कायदा काय सांगतो?

नोंदणी झालेलं बक्षीसपत्र नुसतं मन बदललं म्हणून रद्द होत नाही. मात्र आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी २००७ साली कायदा झाला. त्याच्या कलम २३ नुसार, "माझा सांभाळ करशील" या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं धरून रद्द करता येतो. मात्र देणाऱ्याचं वय ६० किंवा जास्त हवं आणि व्यवहार हा कायदा लागू झाल्यानंतरचा हवा.

सगळं अडतं ते अटीवर

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल बघा. हरियाणातल्या एका आईने मुलींना हक्कसोडपत्र करून दिलं होतं. सांभाळाची अट दिसत नव्हती. २०२२ मध्ये न्यायालयाने व्यवहार रद्द करायला नकार दिला.

मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या आईने मुलाला बक्षीसपत्र दिलं, पण सांभाळ करण्याचं मुलाचं वेगळं वचनपत्रही होतं. २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवून ताबा आईला द्यायला सांगितलं.

अर्ज कुठे करायचा?

- प्रांताधिकारी (उपविभागीय अधिकारी) हेच न्यायाधिकरण. अर्ज त्यांच्याकडे द्यायचा.
- वकील लावायची गरज नाही. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो.
- बक्षीसपत्राची नक्कल, ७/१२ किंवा घराचा उतारा, वयाचा पुरावा आणि वचनाचा काही कागद असेल तर तो जोडा.
- निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं.
- मदतीसाठी ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७.

अट लिहिलीच नसेल तर?

तरी हात रिकामे नाहीत. मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, सध्या महिन्याला जास्तीत जास्त १० हजार रुपये. फसवून सही घेतली असेल, तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो.

वडिलोपार्जित जमिनीचं मात्र वेगळं आहे. तिच्यात मुला-मुलींचा जन्मापासून हिस्सा असतो. वाटपात त्यांना मिळालेला त्यांचा स्वतःचा हिस्सा म्हणजे तुम्ही दिलेलं बक्षीस नव्हे, तो परत मागता येत नाही. निर्वाहखर्चाचा हक्क तरीही राहतो.

सही करण्याआधी

दस्त लिहिणाऱ्याला ही अट घालायला स्पष्ट सांगा: "घेणाऱ्याने आमचा हयातभर सांभाळ करावा. अन्न, कपडा, राहण्याची सोय व औषधपाणी करावं. न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल." पोराला वाईट वाटेल म्हणून ही ओळ गाळू नका. जो खरंच सांभाळणार आहे, त्याला तिची अडचण नाही.

आणि घाई नसेल तर मृत्युपत्र करा. ते जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं आणि तोवर ७/१२ वर नाव तुमचंच राहतं.