मुद्दाम हुकवलेला ठेका

हिप हॉप म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो माईक हातात धरून तावातावाने बोलणारा रॅपर. त्याच्यामागे वाजतंय ते कोणी रचलं, हे विचारायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. डेट्रॉइटचा जेम्स डुइट यान्सी ऊर्फ जे डिला हा अशा मागच्या माणसांतला. रॅपही करायचा तो, पण त्याची खरी कमाई ठेक्याची. अवघ्या 32 वर्षांच्या आयुष्यात त्याने हाडाच्या ड्रमवादकांनाही ड्रम नव्याने वाजवायला लावले.

जन्म 7 फेब्रुवारी 1974चा. वडील जॅझमधले बेसवादक, आई मॉरीन ऑपेरा गायलेली. म्हणजे संगीत घरातच होतं. पर्शिंग हायस्कूलमधल्या टी-थ्री आणि बाटिन या दोस्तांबरोबर त्याने 'स्लम व्हिलेज' हा गट काढला. अ‍ॅम्प फिडलर या डेट्रॉइटच्याच कीबोर्डवादकाने त्याला आपलं एमपीसी हाताळायला दिलं आणि पुढे न्यूयॉर्कच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या हिप हॉप गटातल्या क्यू-टिपशी गाठही घालून दिली. तिथून गाडी रुळावर आली.

हे एमपीसी म्हणजे अकाई कंपनीचं सॅम्पलर. त्यावर 16 रबरी चौकोन असतात. जुन्या रेकॉर्डवरचा आवाजाचा तुकडा उचलायचा, कापायचा, एकेका चौकोनावर ठेवायचा आणि बोटांनी वाजवायचा. वाजवताना बोट जरा मागेपुढे पडलं, तर तो आघात ओढून नेमका मात्रेवर बसवण्याची सोय यंत्रातच आहे. तिला क्वांटाइझ म्हणतात. बहुतेक जण ती निमूटपणे चालू ठेवत. डिलाने ती कुठे बंद केली, कुठे तिच्यावर कुरघोडी केली. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, केसभर आधी, किक, म्हणजे पायाने वाजवायचा घुमणारा ड्रम, किंचित उशिरा, हाय-हॅटच्या झांजा मात्र सरळ. ऐकताना वाटतं, हा आता अडखळणार. तो अडखळत नाही. आपल्याकडे मुरलेला तबलजी ठेका धरताना एखादा बोल रेंगाळवतो आणि तरीही समेवर बिनचूक येतो, त्याच जातीचं हे काम. फक्त यंत्राकडून करवून घेतलेलं.

'द रूट्स'चा ड्रमवादक क्वेस्टलव्ह याने हे पहिल्यांदा ऐकलं ते 'द फारसाइड' या रॅप गटाच्या मैफलीत. किक ऐकून त्याला वाटलं, तीन वर्षांच्या पोराला दारू पाजून ड्रमवर बसवलंय की काय! फारसाइडच्या 1995च्या अल्बममधलं 'रनिन' हे गाणंही डिलाचंच. स्टॅन गेट्झ आणि लुइझ बॉन्फा यांच्या ब्राझिली वळणाच्या रेकॉर्डवरून गिटार उचलून केलेलं. पुढे डीअँजेलो या गायकाच्या 'वूडू' (2000) या अल्बमसाठी हाच क्वेस्टलव्ह तालापासून घसरल्यासारखं वाजवायला शिकला. आयुष्यभर घड्याळासारखं वाजवण्यासाठी घाम गाळलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल! आज रॉबर्ट ग्लास्परसारख्या जॅझवाल्यांच्या साथीला जी डुलती लय ऐकू येते, तिचं मूळ इथे आहे.

श्रेय मात्र डिलाच्या वाट्याला बेताचंच आलं. ट्राइबच्या 1996 आणि 1998च्या अल्बमवर 'द उम्मा' असं सामूहिक नाव लागलं, त्यात तो झाकला गेला. स्वतःची सही होती 'जे डी'. तिची जर्मेन डुप्री या दुसऱ्या निर्मात्याच्या 'जेडी'शी गल्लत होते म्हणून ती 'जे डिला' झाली. एमसीए कंपनीसाठी केलेला रॅपचा अल्बम बासनात गेला आणि 'द डायरी' या नावाने थेट 2016 मध्ये, तो गेल्यावर दहा वर्षांनी बाहेर पडला. कॅलिफोर्नियाच्या मॅडलिब या निर्मात्याबरोबर 2003 मध्ये 'चॅम्पियन साउंड' हा जोडीचा अल्बम निघाला. हा मॅडलिब म्हणजे पुढे जुन्या हिंदी सिनेसंगीताचे तुकडे कापून 'बीट कंडक्टा इन इंडिया' करणारा.

दरम्यान शरीराने दगा दिला होता. टीटीपी हा रक्ताचा दुर्मीळ विकार आणि जोडीला ल्युपस. 2005च्या अखेरीस युरोपच्या दौऱ्यात तो व्हीलचेअरवर बसून रंगमंचावर आला. बोटं सुजत, तेव्हा आई ती चोळून देई, म्हणजे काम करता यावं. 7 फेब्रुवारी 2006ला, वाढदिवशीच, 'डोनट्स' हा अल्बम बाजारात आला. तीन दिवसांनी, 10 तारखेला, लॉस एंजेलिसमधल्या घरी तो गेला.

साहजिकच 'मृत्युशय्येवर रचलेला अल्बम' ही आख्यायिका पसरली. दवाखान्यात छोटं सॅम्पलर आणि रेकॉर्ड प्लेअर होतं, हे खरं. पण डॅन चार्नस याने 'डिला टाइम' (2022) या चरित्रात दाखवलंय की अल्बमचा गाभा त्याआधीच तयार होता आणि तो लांबीला पुरवायचं कामही दुसऱ्याने केलं होतं. मला हे जास्त आवडतं. दुखण्याची करुणा बाजूला ठेवली की कारागिरी दिसते. 'डोन्ट क्राय' हा तुकडा बघा. 'द एस्कॉर्ट्स' हा न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगातल्या कैद्यांचा सोल गट. त्यांचं गाणं डिला आधी जवळजवळ जसंच्या तसं ऐकवतो. मग त्याचे बारीक तुकडे करून तोच विलाप नव्या क्रमाने वाजवतो. कच्चा माल आणि पक्का माल, दोन्ही समोर मांडून! 31 तुकड्यांच्या या अल्बममध्ये पहिल्याचं नाव 'आउट्रो' आहे, आणि शेवटच्याचा शेवट पहिल्याच्या सुरुवातीला जाऊन जुळतो.

त्याचं एमपीसी 3000 आईने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला दिलं. तिथल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात ते ठेवलंय. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी आधी 'रनिन', मग 'डोनट्स' सलग ऐकावा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगला हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर किक नीट ऐकूच येत नाही, आणि सगळा खेळ तर तिचाच आहे.