उन्हात उडालेले चेहरे

व्हाइट बॅलन्स मागच्या लेखात आटोपला, आता चेहऱ्यांकडे वळू. लग्नसराईतली हळद बहुधा अंगणात नाहीतर गच्चीवर, आणि मुहूर्त कोणताही असो, नवरीला हळद लागते ती अकराच्या उन्हातच. नंतर फोटो पाहावेत तर कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांचे उंचवटे पांढरेफटक. फोटोग्राफर म्हणतात, चेहरा उडाला.

उडाला म्हणजे काय झालं, हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. जेपेगमध्ये लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाची मजल ० ते २५५. त्वचा गोरी असो की सावळी, तिच्यात लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याखालोखाल, निळा सर्वांत कमी. उजेड वाढत गेला की लाल आधी २५५ला टेकतो आणि तिथेच थांबतो. हिरवा मात्र चढत राहतो. दोघांतलं अंतर मिटत आलं की त्वचा पिवळट दिसते. पुढे हिरवा आणि निळाही टेकले की नुसतं पांढरं. हळदीच्या फोटोत ही मधली पिवळट पायरी हळद म्हणून खपून जाते, ही खरी फसगत. तेव्हा डोळ्यांवर भिस्त न ठेवता आरजीबी हिस्टोग्राम पाहा. लाइटरूमच्या डेव्हलप विभागात ‘जे’ दाबलंत, तर उडालेल्या जागा लाल रंगात दिसतील.

फाइल रॉ असेल तर नशीब समजा. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. शिवाय दिवसाच्या उजेडात सेन्सरवर लाल हा हिरव्यापेक्षा कमी नोंदला जातो आणि व्हाइट बॅलन्स देताना तो वाढवून घेतात. त्यामुळे जेपेगमध्ये उडालेला लाल रॉमध्ये पुष्कळदा शाबूत सापडतो. हायलाइट्स उणे ४० ते ६० करा, पण फक्त चेहऱ्यावर; २०२२पासून लाइटरूम त्वचा ओळखून तिचा मास्क करून देतं. सगळ्या फोटोचं एक्स्पोजर खाली ओढलंत, तर मागची माणसं काळवंडतील.

डोकेदुखी आहे ती जेपेगची. तिथे गेलेला रंग गेलाच. स्लायडर ओढला की तिन्ही २५५चे तिन्ही २२० होतात, म्हणजे राखाडी. कपाळाला भस्म फासल्यासारखं. इथे रंग बाहेरून आणून भरावा लागतो. फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये फोटोवर रिकामा लेयर घ्या आणि त्याचा मोड ‘डार्कन’ ठेवा (गिंपमध्ये ‘डार्कन ओन्ली’). अनेक जण ‘कलर’ मोड लावतात आणि काहीच होत नाही म्हणून वैतागतात. तो मोड खालचा उजळपणा तसाच ठेवतो, त्यामुळे शुद्ध पांढऱ्यावर रंग चढतच नाही. आता उडालेल्या जागेला लागून असलेल्या उजळ पण शाबूत त्वचेचा रंग आयड्रॉपरने उचला. हनुवटीखालचा नको, तो मातकट उतरतो. मऊ कडेचा मोठा ब्रश, ओपॅसिटी १० ते १५ टक्के, आणि थरावर थर. भरलेली जागा फार गुळगुळीत वाटली तर किंचित नॉइज घाला.

घामाची आणि तेलाची चकाकी मात्र सोडून द्या. तो त्वचेचा रंग नव्हे, सूर्याचं प्रतिबिंब आहे. ते पांढरंच हवं. नाकावरचा ठिपकाही पुसलात तर चेहरा सपाट होतो.

किती रंग भरायचा? त्याच मुलीचा हळद लागण्याआधी सावलीत काढलेला फोटो शेजारी उघडून ठेवा आणि तिथवरच जा. अल्बम गोरा करून देण्याची आपल्याकडची चाल मला मुळीच मान्य नाही. उडालेल्या चेहऱ्याला ‘काय छान उजळ आलीय’ म्हणून दाद मिळते आणि नीट केलेला फोटो घरचे परत पाठवतात, हे ठाऊक असूनही सांगतो: सावळी नवरी सावळीच छापा.

मुळात चेहरा उडतो का? कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं धरून चालतं. मागे आंब्याची गर्द सावली असली की ते उजेड वाढवतं आणि उन्हातला चेहरा बळी जातो. अशा वेळी कॉम्पेन्सेशन उणे ०.७ करा. आणि लग्नाचं काम असेल तर मेमरी कार्ड भरण्याची चिंता न करता रॉ चालू ठेवा. कार्ड दुसरं घेता येतं, हळद पुन्हा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात मुंडावळ्यांच्या सावलीत बुडालेले डोळे.