शिकणाऱ्या आईची हजेरी

लोधीखेड्यासारख्या गावातील मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन सौंसरच्या अथवा पांढुर्ण्याच्या महाविद्यालयात जाऊ लागली, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांस जितका आनंद होतो, तितकीच एक काळजीही त्यांच्या मनात घर करून राहते. चांगले स्थळ चालून आले तर काय करावे? पदवी हाती येईपर्यंत पाहुण्यांस थोपवून धरणे सर्वांनाच जमते असे नाही. मग दोन्ही घरची माणसे एकत्र बसतात, ‘मुलगी आमच्याकडे राहून पुढे शिकेल’ असा शब्द सासरची मंडळी देतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्न होते. शब्द देणाऱ्यांचे मन खोटे नसते. परंतु वर्षभरात सून गरोदर राहिली, म्हणजे त्या शब्दाची कसोटी लागते. आणि ती कसोटी घरापेक्षा महाविद्यालयाच्या हजेरीपटावर अधिक कठोर असते.

हा हिशेब वाचकांनी स्वतःच एकदा मांडून पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षातून निदान १८० दिवस अध्यापन व्हावयास हवे, आणि बहुतेक विद्यापीठे परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती मागतात. म्हणजे वर्षातून फार तर ४५ दिवस गैरहजर राहता येते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. त्यातील रविवार व सणवार वगळले तरी तासांचे तीसेक दिवस बुडतातच. उरलेल्या पंधरा दिवसांत पहिल्या महिन्यांतील मळमळ, दवाखान्याच्या फेऱ्या, शेवटच्या महिन्यातील जडपण आणि बाळाचे आजारपण, एवढे सारे बसवावयाचे. जेथे सहामाही परीक्षांची पद्धत आहे, तेथे तर गैरहजेरीची मुभा जेमतेम २२ दिवसांची. तेथे सव्वा महिनाही मावत नाही. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करावयाची आपली रीत, आणि या भागातील कित्येक सुनांचे माहेर सरहद्दीपलीकडे नरखेड, काटोल अथवा सावनेरकडे. ती एकदा माहेरी गेली की तीन महिने परतत नाही. परत येते तेव्हा परीक्षेच्या यादीत तिचे नाव नसते. तिला कोणी महाविद्यालयातून काढून टाकलेले नसते, कोणी दुरुत्तरही केलेले नसते. ती केवळ हजेरीत कमी पडलेली असते.

कोणी म्हणेल, सरकारने बाळंतपणाच्या रजेचा कायदा केव्हाच केला आहे. केला आहे, हे खरे. परंतु तो मजुरी व पगार मिळविणाऱ्या स्त्रीसाठी आहे. त्याचा इतिहास आपल्या माणसांनी अभिमानाने सांगावा असा आहे. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे आग्रहाने मांडले, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. त्या काळी आपला छिंदवाडा जिल्हा मध्यप्रांतात होता. त्या प्रांताने १९३० मध्येच तशा स्वरूपाचा कायदा केला. खाणीत राबणाऱ्या स्त्रियांसाठी १९४१ मध्ये स्वतंत्र कायदा आला. सौंसर तहसिलीला मँगेनीजच्या खाणी परक्या नाहीत, तेव्हा त्या कायद्याचे महत्त्व येथे निराळे सांगावयास नको. पुढे १९६१ चा अखिल भारतीय कायदा झाला, २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आहेत. बोरगावच्या कारखान्यात कायम कामावर असलेल्या स्त्रीला सहा महिन्यांची पगारी रजा मिळते. तिच्याच शेजारी राहणाऱ्या, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या तिच्या जावेला कायद्याने एक दिवसही मिळत नाही. राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूतिसाहाय्याचा उल्लेख आहे, पण तोही कामाच्या परिस्थितीच्या जोडीने आलेला आहे. विद्यार्थिनी आई होईल, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या फारशी ध्यानातच आली नसावी.

प्रथम ती ध्यानात आली ती संशोधन करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. २०१६ च्या विनियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजेची सोय झाली, आणि २०२२ च्या नव्या विनियमांनी ती कायम ठेवली. मात्र आपल्या गावातील किती मुली पीएच.डी.पर्यंत पोहोचतात? ज्यांची संख्या मोठी, त्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्‌सी., बी.एड.च्या मुलींसाठी आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी सर्व विद्यापीठांना एक पत्र पाठविले. पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींना प्रसूतिरजा, उपस्थितीत सवलत, परीक्षेचे अर्ज भरण्यास मुदतवाढ इत्यादी सोयी देण्यासाठी योग्य ते नियम करावेत, असे त्यात सांगितले आहे. पत्र चांगले आहे; परंतु पत्र म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक विद्यापीठाने आपला नियम केला तरच त्याला हातपाय फुटतात.

नियम नसल्याने काय घडते, हे न्यायालयांच्या निकालांवरून दिसते. २०१८ मध्ये दिल्लीच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीची हजेरी बाळंतपणामुळे कमी पडली. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्यात उपस्थितीची अट शिथिल करता येत नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने तिला परीक्षेस बसू दिले नाही. पुढे २०२१ च्या डिसेंबरात अलाहाबादच्या उच्च न्यायालयासमोर अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण आले. गरोदरपण व त्यानंतरची प्रकृती यांमुळे तिच्या परीक्षा राहून गेल्या होत्या. आपण नियमच केलेला नाही, ही सबब विद्यापीठाला सांगता येणार नाही, असे न्यायमूर्ती अजय भनोट यांनी बजावले. तिला आणखी एक संधी देण्यास आणि मातृत्वासंबंधी नियम करण्यास विद्यापीठाला फर्माविले. २०२३ च्या मे महिन्यात दिल्लीच्याच उच्च न्यायालयात मेरठच्या विद्यापीठातील एम.एड.ची विद्यार्थिनी आली. तिची ५९ दिवसांची रजा विद्यापीठाने नाकारली होती. न्यायमूर्ती पुरुषेंद्र कुमार कौरव यांनी ते उत्तर रद्द केले. पुरुष शिकत असताना पिता होऊ शकतो आणि त्याचा एक तासही बुडत नाही. स्त्रीला मात्र प्रसूतीच्या आधी व नंतर देहाची काळजी घ्यावीच लागते, तेव्हा शिक्षण की संतती अशी निवड तिच्यावर लादता येणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. कोणत्याही घरातील सुईणीला हे ठाऊक असते. विद्यापीठाला सांगावयास मात्र न्यायमूर्ती लागले.

केरळात ही गोष्ट खटल्यावाचून झाली. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने २०२२ च्या डिसेंबरात पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूतिरजा दिली. अभ्यासक्रमाच्या काळात एकदाच, पहिल्या अथवा दुसऱ्या खेपेस. पुढल्याच महिन्यात तेथील राज्यसरकारने ही सोय इतर विद्यापीठांना लागू केली. अमेरिकेत तर १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्याखाली १९७५ मध्ये झालेल्या नियमांनी गरोदर विद्यार्थिनीला वगळण्यास मनाई केलेली आहे. तरी त्या देशातही मुलींना आपले हक्क ठाऊक नसतात, म्हणून महाविद्यालयांनी ते त्यांना कळवावेत असे एक विधेयक २०२४ च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, आणि त्या वेळी सिनेटमध्ये अडकून राहिले. पन्नास वर्षे जुना नियमही मुलीच्या कानी पडला नाही तर निरुपयोगीच.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे न्याय्य होईल. प्राध्यापक म्हणतात, वर्गात न बसलेली शिक्षिका उद्या आमच्याच मुलांना काय शिकविणार? आक्षेप पोकळ नाही. बी.एड.ला वर्गात ८० आणि शाळेतील प्रत्यक्ष अध्यापनात ९० टक्के उपस्थिती मागतात, ती उगीच नव्हे. परंतु विद्यार्थिनी अभ्यास माफ करा असे म्हणतच नाही. बुडालेले पाठ तिने मागाहून पुरे करावेत, प्रात्यक्षिके पुढच्या तुकडीबरोबर करावीत. त्यासाठी तिचे सारे वर्ष बुडविण्याचे आणि पुन्हा शुल्क मागण्याचे कारण नाही. आजारी मुलाला जी सवलत सहज मिळते, ती बाळंतिणीने मागितली की तिच्या लग्नाची चर्चा सुरू होते, हे मात्र समजत नाही.

आपल्या घरात अशी सून अथवा लेक असेल, तर तिने गैरहजर राहण्यापूर्वीच प्राचार्यांकडे अर्ज द्यावा. नंतर दिलेल्या अर्जाला सबबीचे रूप येते. आपल्याकडील महाविद्यालयांचा कारभार हिंदीत चालतो, तेव्हा अर्ज हिंदीत ‘मातृत्व अवकाश’ या शीर्षकाखाली लिहावा, आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राचा उल्लेख करावा, आणि बाळंतपणाची अपेक्षित तारीख असलेला डॉक्टरांचा दाखला जोडावा. बाळंतपण महाराष्ट्रातील माहेरी होणार असेल, तर तेथील दवाखान्याचे कागदही तारखांसह जपून ठेवावेत. छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाच्या कुलसचिवांनाही एक प्रत धाडावी. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत याच दिवसांत संपत नाही ना, हे नवऱ्याने अथवा सासऱ्याने महाविद्यालयात जाऊन पाहावे. बाळंतिणीला ते जमणार नाही.

नकार आला तर तो लेखी मागावा. अलाहाबाद व दिल्लीचे निकाल जबलपूरच्या उच्च न्यायालयावर बंधनकारक नाहीत, परंतु तेथे ते मार्गदर्शक म्हणून पुढे ठेवता येतात. वकिलाच्या खर्चाला भिऊन घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिच्या घरचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो, आणि त्यासाठीचा अर्ज तहसिलीच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर देता येतो. महाविद्यालयात दिलेल्या अर्जाची पोच मात्र त्याच दिवशी सही-शिक्क्यासह घ्यावी.